हरकती व सूचना

मुदत आज पावणेसहाला संपते.
टेबलावर दोनशे चौदा हरकती,
त्यातल्या दोनशे सहा एकाच प्रिंटरमधून निघालेल्या.
चूकसुद्धा सगळ्यांत तीच : 'दर्जा'चा काना गेलेला.

विषय : भूखंड अकरा, जुनं मिठागर, उरण.
एका इमारतीत, एकाच जिन्यावर
लहान घरं, मोठी घरं, भाड्याची घरं.

दोनशे सहा जण म्हणतात, आमच्या परिसराचा दर्ज घसरेल.
निदान गेट वेगळं,
निदान लिफ्ट वेगळी,
निदान मधे एक भिंत. फार उंच नको, शोभेची.

मी शिक्का मारतो. प्राप्त. प्राप्त. प्राप्त.
शिक्क्याला मत नसतं.

मग वहीचं फाडलेलं पान,
चांगुणा हसुराम ठाकूर, वय एकाहत्तर :
"त्या जागेवर आमी मीठ पिकवलाय.
भरतीचा पानी आत घेताना
कंचा खालचा नि कंचा वरचा, कधी इचारला नाय.
गच्चीवर मावरा सुकवायला जागा ठेवा.
वास येतो म्हनतील.
त्यांच्या गाड्यांचा आमाला पन येतो."

नफिसा मुकादम, परिचारिका, ग्रामीण रुग्णालय :
"रात्रपाळी सातला सुटते,
दोन बस बदलून घरी पोचते तेव्हा मुलं शाळेत गेलेली असतात.
ज्यांच्या आईला मी सलाईन लावते
त्यांना माझ्या शेजाराची हरकत का,
एवढंच लेखी कळवावं."

विंध्याचल प्रजापती, क्रेनचालक, बंदर,
कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं :
"भाड्याची घरं यादीतून काढू नका.
विकत घेणारा मी नव्हे.
पण करार अकरा महिन्यांचा,
आणि मुलगी तिसरीत, चौथ्या शाळेत."

आणि जाड, पिवळसर कागदावर
श्रीनिवास देवस्थळी, निवृत्त कप्तान :
"सर्वात वरचं मोठं घर मी घेणार आहे.
तीस वर्षं मी आणि माझा तेलवाला
एकाच पोलादावर झोपलो. जहाज बुडालं नाही.
माझी हरकत नाही.
फक्त पार्किंगचं तेवढं बघा."

साहेबांना उद्या गोषवारा हवा, अर्ध्या पानात.
अर्ध्या पानात दोनशे सहा सहज मावतात.
चांगुणाबाईंचं मावरं मावत नाही.

मी राहतो करळ फाट्याला,
दहा बाय बाराच्या खोलीत.
मधे कपाट आहे, त्याच्या पलीकडे बेडरूम.
योजनेला माझा पगार अकराशेनं जास्त पडतो,
बँकेला चार हजारानं कमी.
म्हणजे मी नेमका त्या भिंतीत राहतो
जी अजून बांधायची आहे.

पाच चाळीस.
खिडकीपलीकडे कुणी नाही.
नियम पुस्तकात पाहिला : 'कोणतीही व्यक्ती.'
दोनदा वाचला. कारकून वगळून, असं कुठेही नाही.

कोरा कागद ओढला.
विषय : हरकतींवर हरकत.

जिना एकच असावा, आणि रुंद,
कपाट चढवताना उतरणाऱ्याला थांबावं लागू नये.
सगळ्या मजल्यांवर दिवे एकाच जातीचे.
पाणी सगळ्यांना एकाच वेळी, किंवा कुणालाच नाही.
लहान घरं एका कोपऱ्यात कोंबू नयेत,
अशी विखरावीत की पोस्टमनलासुद्धा
दारावरून पगार कळू नये.
आणि गच्चीवर,

इथे जरा थांबलो,

गच्चीवर मावरं सुकवायला जागा.

सही केली. कागद स्वतःच्याच पुढ्यात सरकवला,
स्वतःच उचलला,
तारीख पाहिली, पत्ता पाहिला, सही जुळते का पाहिलं.
प्राप्त.
शिक्का जरा तिरका पडला,
शाई अंगठ्याला लागली.

बबन शिपाई खिडकीची फळी लावायला आला.
"किती झाल्या?"
"दोनशे पंधरा."
"मगाशी तर चौदा म्हणालात."
"एक उशिरा आली," मी म्हटलं.
"मुदतीत आहे."